आधी साल

शिरोलीच्या फौंड्रीत मी डिस्पॅचला.
लाल शाईचा पॅड, सुतळी, खिळे, लाकडी खोकी
आणि खोक्यांवर तारीख मारायचं काम.

एकदा ऑर्डर आली: ०३/०८.
आम्ही वाचलं, तीन ऑगस्ट.
निवांत. पंपाच्या बॉड्या ओतायला
अख्खा उन्हाळा पडलाय.
तिकडच्याला हव्या होत्या आठ मार्चला.
तो महिना आधी लिहितो, आम्ही दिवस,
आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.
दोन बरोबरांच्या मधे
साडेचारशे नग पाच महिने अडकून राहिले.

मगदूमशेठ ओरडले नाहीत.
चहा अर्धा ठेवून उठले, इतकंच.
दुसऱ्या दिवशी बोर्डावर कागद:
यापुढं सगळ्या जगात चालतं तसं.
आधी साल, चार आकडी. मग महिना. मग दिवस.
मधे आडवी रेघ.
एकेरी आकड्याआधी शून्य.

केरबा म्हणाला, हे म्हणजे पाकिटावर
आधी भारत, मग महाराष्ट्र,
शेवटाला आमची गल्ली आणि मी.
पोस्टमन येडा हुईल की लेका.

मला मात्र ते शून्य आवडलं.
महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांना
कुणीतरी सोबत दिल्यासारखं,
स्वतःची काडीची किंमत नसलेलं,
पण शाळेच्या फाटकापर्यंत
बोट धरून जाणारं.

खंडेनवमीला भट्टीची पूजा.
गुरुजींना अजून चार कारखाने गाठायचे होते.
पळीनं पाणी सोडत भराभरा म्हणत गेले
कल्प, मन्वंतर, शालिवाहन शके, संवत्सर,
अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी,
आणि मग वासरे.
केरबा कानाशी: आता वासरं कुठनं आली?
वासर म्हंजे वार रे, मी म्हटलं,
आणि अक्षतांवर हात तसाच राहिला.
मोठ्याकडून लहानाकडं.
बोर्डावरचाच कागद वाचत होते गुरुजी,
फक्त त्यांचं साल फार लांबनं निघालेलं.

पॅटर्न शॉपमधे दस्तगीर मिस्त्रींना सांगितलं.
रंधा न थांबवता म्हणाले,
मोहरम दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतो.
पंजे कधी थंडीत बसतात, कधी चिखलात.
तुमचा कागद साल कशाला म्हणतो
तेवढं विचारून ये.
गेलो नाही. कुणाला विचारणार?

मग ते पाणी आलं.
मच्छिंद्री झाली म्हणेपर्यंत हायवे बुडाला,
आणि नदीकडचं गोडाऊन पत्र्यापर्यंत.
ओसरल्यावर पॅटर्न उपसले एकेक,
सागवानाचे, फुगलेले, गाळानं जड.
प्रत्येकाच्या पोटाशी मिस्त्रींची पेन्सिल.
कागद लागल्यापासून म्हातारा
न चुकता तसंच लिहीत होता,
साल, रेघ, महिना, रेघ, दिवस.
एकाला पाण्यानं डावीकडनं खाल्लं होतं.
उरलेलं फक्त ०६.

नियमाप्रमाणं गळलं तर शेपूट गळावं.
दिवस गेला, साल-महिना राहिला,
तरी तारीख लंगडत का होईना चालते.
नदीनं नियम वाचला नव्हता.

आई गेली ते मलाही असंच आठवतं.
सव्वातीन. हातातली मोसंबी.
मग मंगळवार. मग, कधीतरी, मार्च.
साल दाखल्यावर बघावं लागतं.

मिस्त्री, कुठला सहा हा?
त्यांनी लाकूड उजेडाकडं धरलं.
अंगठ्यानं गाळ पुसला,
शून्यापाशी जरा जपून.
ठेव, म्हणाले. सहाच आहे.

संध्याकाळी रजिस्टरात नोंद केली.
चार घरं रिकामी, रेघ,
दोन घरं रिकामी, रेघ,
०६.